दादाच्या बुलेटचे सुटे भाग

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याचा मुलगा फुलपाड्याला आला तो एक कागद घेऊनच. फराळाचं ताट पुढ्यात आलं तरी त्याचं लक्ष त्या कागदावर. शेवटी मीच विचारलं, "काय रे, परीक्षेचं वेळापत्रक का?" तर म्हणाला, "नाही मास्तरआजोबा, यादी आहे. आजोबांच्या बुलेटला काय काय बदलायचं त्याची."

त्याचे आजोबा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. २०११ साली तो गेला, आणि तेव्हापासून त्याची बुलेट आमच्या जुन्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. ती १९६८ सालची, दादाने १९७५ साली दुसऱ्या हाताची घेतलेली. पोराला तिची 'ट्रायल्स'ची गाडी करायची होती. यादीत होतं : पुढचं स्प्रॉकेट, हँडल, सायलेन्सर, टायर, मडगार्ड, सीट.

मी स्पष्ट सांगितलं, "नाही." इतिहास शिकवण्यात माझी चौतीस वर्षं गेली. जुनी वस्तू होती तशी ठेवायची, एवढं तर मी सातवीच्या मुलांनाही सांगत आलो. शिवाय ती नुसती जुनी वस्तू नव्हे, दादाची वस्तू. पोरगं गप्प बसलं. चकली मोडली, पण खाल्ली नाही.

मंडळी, तो 'नाही' मला पुढे मागे घ्यावा लागला. तो का, ते सांगण्यासाठी आज लिहायला बसलो आहे. मी काही यंत्रातला माणूस नव्हे, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

आधी ट्रायल्स म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही ते तेव्हाच कळलं. मोटरसायकलची स्पर्धा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे धूळ उडवत सुसाट जाणाऱ्या गाड्या येतात. ही स्पर्धा अगदी उलट. इथे वेगाला मान नाही. दगड, ओढा, चिखल, चढ असा थोडासाच पट्टा आखलेला असतो आणि तो पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन आणि पट्टा पारच झाला नाही तर पाच. ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकला. शून्य म्हणजे उत्तम. आयुष्यभर मुलांना शून्य मिळालं म्हणून रागावणाऱ्या मास्तरला ही गंमतच वाटली.

हा खेळ इंग्लंड-स्कॉटलंडात वाढला. यॉर्कशरमध्ये आल्फ्रेड स्कॉट या मोटरसायकल कारखानदाराने १९१४ साली आपल्या कामगारांसाठी अशी स्पर्धा भरवली. तीच पुढे स्कॉट ट्रायल म्हणून नावाजली. स्कॉटलंडातली सहा दिवसांची ट्रायलही त्याच काळातली. रस्तेच धड नव्हते तेव्हा गाडी कुठवर टिकते हे बघण्याची ती परीक्षा होती. 'ट्रायल' या शब्दाचा अर्थच तो.

रस्ते धड नव्हते, हे वाक्य मी वाचलं आणि मला दादा आठवला.

दादा गुरांवर उपचार करायचा. पंचायत समितीच्या दवाखान्यात नोकरीला होता. आज फुलपाड्याला आलात तर इमारतींच्या रांगांपलीकडे काही दिसायचं नाही. पण तेव्हा इथे भाताची खाचरं होती, एका अंगाला जीवदानीचा डोंगर आणि मागे पापडखिंडीचं पाणी. महानगरपालिका झाली २००९ साली, पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्या वेळी आम्ही ठाणे जिल्ह्यातल्या वसई तालुक्यातले. दादाचं काम सारं हायवेच्या पलीकडे : शिरसाड, मांडवी, पारोळ, शिवणसई, भाताणे आणि त्यांच्या आसपासचे आदिवासी पाडे. डांबर हायवेवर संपायचं. पुढे बैलगाडीच्या चाकोऱ्या, पावसाळ्यात ओहोळ, फरशीवरून वाहणारं पाणी आणि लाल चिखल. त्या वाटेवर दादा पायदानावर उभा राहून गाडी चालवायचा. मला वाटायचं, हा ऐट करतो. पाय टेकलेला मात्र त्याला फारसा आवडत नसे. म्हणायचा, "पाय टेकला की चप्पल गेली."

दिवाळी झाल्यावर आठवडाभराने मी पडवीतली पत्र्याची पेटी उघडली. पोराला वाईट वाटलं होतं, त्याला निदान दादाचे पान्हे तरी द्यावेत, एवढाच विचार होता. पेटीत पान्हे होते, तेलकट फडक्यात बांधलेलं एक स्प्रॉकेट होतं, आणि तळाशी दोऱ्याने शिवलेली एक वही. दादाच्या अक्षरात गाडीचा सगळा हिशेब. पेट्रोल किती, ऑइल कधी बदललं, कोणता भाग कधी आणि का बदलला.

आता इतिहासाच्या मास्तराच्या हाती अस्सल साधन लागलं म्हटल्यावर तो काय करणार? चष्मा पुसून बसलो.

१९७६, जून : "१६ दात्यांचे काढून १४ चे बसवले. चढाला बरे. हायवेला बोंबलते." त्याच पावसाळ्यात : "सायलेन्सरची शेपटी पट्टी लावून वर घेतली. फरशीवर पाणी आत जात होते." पुढे : "लेगगार्ड काढले. करवंदीत अडकते." मग : "हँडल उंच घेतले. उभे राहून कंबर दुखते." आणि एका पानावर : "चिखलात मागच्या चाकाची हवा अर्धी करणे. हायवेला लागताच भरणे. विसरू नये."

मी वही मिटली आणि पुन्हा उघडली. पोराच्या यादीतल्या सहापैकी चार गोष्टी दादाने पन्नास वर्षांपूर्वीच करून ठेवल्या होत्या! तेलकट फडक्यातलं ते स्प्रॉकेट मोजलं. चौदा दाते. निवृत्त झाल्यावर त्यानेच सगळं पूर्ववत केलं होतं. म्हणजे मी जिला 'होती तशी' म्हणून जपत होतो ती दादाची गाडी नव्हतीच. ती कारखान्याची गाडी होती. दादाची गाडी फडक्यात बांधून पेटीत पडली होती.

मग मात्र मी पोराला फोन करून म्हटलं, "तुझ्याकडे काय माहिती आहे ती सगळी पाठव."

त्यातून आणखी एक गोष्ट कळली. बुलेट हे नाव १९३२ पासूनचं. इंग्लंडातलं रेडिच हे मूळचं सुया बनवणारं गाव, तिथला हा रॉयल एनफिल्डचा कारखाना. पण आपण जिला बुलेट म्हणून ओळखतो, मागच्या चाकाला दोन शॉकॲब्सॉर्बर असलेली, तिने जगाला पहिलं तोंड दाखवलं ते १९४८ साली, कोलमोर कप नावाच्या ट्रायलमध्ये. त्या काळी ट्रायलच्या गाड्यांना मागे स्प्रिंग नसे, चाक थेट सांगाड्याला जखडलेलं. स्प्रिंग लावली तर चाकाची जमिनीवरची पकड सुटेल, असं जाणत्या स्वारांचं ठाम मत होतं. रेडिचवाल्यांनी मात्र मागचं चाक एका हलत्या दुबेळक्यात बसवलं, ज्याला आपले मिस्त्री चिमटा म्हणतात. चाक दगडावर उडण्याऐवजी दगडाबरोबर वर जाऊ लागलं आणि खाली येताना जमीन सोडीना. त्याच वर्षी इटलीत सान रेमो येथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय ट्रायल झाली. जिंकलेल्या ब्रिटिश संघात दोन बुलेट होत्या, चालवणारे चार्ली रॉजर्स आणि व्हिक ब्रिटन. दोघांनाही सुवर्णपदक मिळालं. व्हिकचा मुलगा जॉनी ब्रिटन याने पुढे १९५२ आणि १९५७ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल बुलेटवरच जिंकली.

तीच गाडी आपल्या सैन्याने सरहद्दीच्या कच्च्या वाटांसाठी पसंत केली. १९५५ साली मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया कंपनी निघाली. सुरुवातीला इंग्लंडहून आलेले सुटे भाग मद्रासला जोडायचे, आणि काही वर्षांतच सगळे भाग इथे बनू लागले. गंमत अशी की रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला. विलायतेत आई गेली, आणि मद्रासला दिलेली लेक नांदत राहिली.

म्हणजे बघा, इंग्लंडातल्या चिखलात पाय टेकू नये म्हणून बसवलेला तो चिमटा भाताण्याच्या चिखलात माझ्या भावाच्या उपयोगी पडत होता. आणि दादाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला वाटेनेच सांगितलं, काय बदल ते. तिकडच्या स्वारांनी आणि इकडच्या गुरांच्या डॉक्टरने तेच भाग निवडले, कारण दगड आणि चिखल दोन्हीकडे सारखेच.

पण खोटा अभिमान नको. बुलेटचं ट्रायलमधलं राज्य फार टिकलं नाही. सॅमी मिलर नावाचा अव्वल स्वार १९६४ साली एरियल ही जड ब्रिटिश गाडी सोडून स्पेनच्या बुलटाको कंपनीकडे गेला आणि त्याच्या मदतीने शेर्पा ही हलकी दोन स्ट्रोकची गाडी तयार झाली. तिचं वजन शंभर किलोच्या आत. आपली बुलेट दीडशेच्या पुष्कळ वर. जड गाड्यांचा काळ तिथेच संपला. आजच्या ट्रायल गाड्या तर सत्तर-पंचाहत्तर किलोच्या, बसायला सीटसुद्धा नसते. २०१९ साली रॉयल एनफिल्डने आपल्याकडे 'बुलेट ट्रायल्स' नावाची गाडी काढली होती. सायलेन्सर वर, मागे सीटच्या जागी कॅरिअर, जुन्या विजयांची आठवण म्हणून. ती थोड्याच काळात बंद झाली.

मी पोराला हेच विचारलं, "मग जड बुलेटच कशाला? जिंकणार तर नाहीस." तो म्हणाला, "मला जिंकायचं नाही मास्तरआजोबा. आजोबा कसे जायचे ते बघायचंय."

यावर काय बोलणार?

मग आम्ही दोघं वही पुढ्यात ठेवून एकेक भाग ठरवायला बसलो. मला कळलं ते सांगतो.

पहिलं स्प्रॉकेट. बुलेटचं मागचं स्प्रॉकेट ब्रेकच्या ड्रमलाच जोडलेलं असतं, ३८ दात्यांचं. ते बदलणं खर्चाचं. पुढचं लहान केलं की तेच काम होतं. १६ चे १४ केले की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक आठव्या हिश्श्याने कमी फिरतं, आणि जोर त्या मानाने वाढतो. बुलेटचं फ्लायव्हील मुळातच भारी, त्यामुळे माणसाच्या चालीनेही ती बंद न पडता धप् धप् करत चढते. म्हणून इंजिनाला हात लावायचा नाही असं ठरलं. मात्र ते लहान स्प्रॉकेट बसवायला क्लच काढावा लागतो. त्यानिमित्ताने क्लचच्या प्लेटा बघून घेतल्या, कारण ट्रायलमध्ये सगळा खेळ डाव्या हाताच्या दोन बोटांचा.

दुसरं टायर. तिकडे पुढचं चाक २१ इंची लावतात. त्यासाठी रिम आणि तारा नव्याने विणाव्या लागल्या असत्या. आम्ही मोह आवरला आणि १९ इंचीच ठेवून ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर घेतले. हवा कमी ठेवायची, पण हलक्या गाड्यांइतकी नाही. ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार कमी केली की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल मुळापासून फाटतो. म्हणून टायर रिमला आवळून धरणारा एक बोल्ट आतून लावला.

हँडल उंच आणि रुंद, कारण उभं राहायचं. सायलेन्सर वर. लेगगार्ड काढलं. सीट आणि मडगार्ड मात्र तशीच ठेवली, वहीत त्यांच्याबद्दल काही नव्हतं. पोराने कुरकुर केली, पण ऐकलं. काढलेला प्रत्येक भाग ग्रीस लावून, फडक्यात बांधून, चिठ्ठी अडकवून पेटीत ठेवला. अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर न्यायची नाही हेही बजावलं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. तुंगारेश्वरचं जंगल तर अभयारण्य, तिथे असली चाकं फिरवण्याचा विचारही नको. टेम्पोत घालून ओळखीच्या एकाच्या पडीक माळावर न्यायची, एवढीच परवानगी.

भाग निवडणं एक दिवसाचं काम, सांभाळणं रोजचं. चिखलातून आली की आधी धुवायची, पण हबवर पाण्याचा जोराचा फवारा मारायचा नाही, बेअरिंगात पाणी जातं. चेन पुसून तेल. केबलींच्या तोंडात दोन थेंब. एअर फिल्टर झटकायचा. ओले ब्रेक हलके दाबत सुकवायचे. चाकाच्या तारा नखाने वाजवून बघायच्या, सैल तार बद्द आवाज करते. हे सगळं वहीत आहे.

आणि वहीतच ते पान होतं.

१९७९, जुलै. त्या महिन्याची मला आठवण होती ती अशी. एका शनिवारी दादाने मला चेन धुवून बसवायला सांगितली होती. मी तिशीतला, नवा मास्तर, सगळं येतं असं वाटण्याचं वय. चेनचा जोड एका छोट्या क्लिपने बंद होतो. माशासारखी असते ती, एका बाजूला बंद, एका बाजूला तोंड उघडं. चेनची वरची बाजू पुढे धावते. तिथे बघितलं तर क्लिपचं बंद टोक पुढे हवं आणि उघडं तोंड मागे. उलट बसली आणि काडी, गवत, काही अडकलं, की ती सरकून निघते. हे मला माहीत नव्हतं. मी बसवली, हात पुसले, चहा प्यायलो.

पुढच्या आठवड्यात दादाने मला अंगणात बसवलं आणि म्हणाला, "मास्तर, ही क्लिप काढ आणि बसव." बसवली. "परत काढ. तोंड मागे." असं दहा वेळा करून घेतलं. मला राग आला होता. वर्गात मुलांना शिक्षा करतात तसं. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

वहीत त्या महिन्याचं लिहिलं आहे : "रात्री भाताण्याच्या अलीकडे ओहोळात चेन पडली. तुटली नाही, क्लिप निघाली. चालत गेलो. म्हैस अडली होती, दोन तास उशीर. म्हैस गेली, पारडूही. घरात तेवढीच होती. क्लिप बसवणाऱ्यास दाखवणे."

एवढंच. 'बसवणाऱ्यास'. माझं नाव त्याने स्वतःच्या वहीतसुद्धा लिहिलं नाही. पुढे बत्तीस वर्षं आम्ही एकत्र जेवलो, भांडलो, लग्नं केली, आईवडिलांना पोचवलं. एकदाही त्याने त्या म्हशीचा विषय काढला नाही. ती म्हैस कुणाची, ते घर कोणतं, हे आता विचारायला कुणी उरलं नाही.

दोन दिवस मी कुणाशी नीट बोललो नाही. मग पोराला बोलावून ते पान वाचायला दिलं. त्याने वाचलं आणि वही हळूच मिटली. मी म्हटलं, "चेनची क्लिप मी बसवणार. ती कुणी दुसऱ्याने बसवायची नाही."

जानेवारीत गाडी तयार झाली. माझी बोटं आता थरथरतात. पकडीने क्लिप दाबली ती दोनदा निसटून अंगणात पडली, पोराने शोधून दिली. तिसऱ्यांदा बसली. बंद टोक पुढे, तोंड मागे. मी त्याला म्हटलं, "तपास." तो वाकला, बोट फिरवून बघितलं, आणि म्हणाला, "बरोबर आहे."

माळावर एक कोरडा ओहोळ आहे. मी झाडाखाली खुर्ची टाकून बसलो, हातात वही आणि पेन. पोरगं पायदानावर उभं राहिलं, अगदी दादासारखं. धप् धप् करत गाडी दगडांत उतरली. पहिल्या खेपेला पाय तीनदा टेकला, तिसऱ्या खेपेला एकदा. मी दादाच्या वहीत, १९९८ च्या शेवटच्या नोंदीखाली, तारीख घातली आणि लिहिलं : "१४ चे बसवले. चढाला बरे. एक गुण."

आता दर रविवारी सकाळी चेन बघायची. विसरू नये.